ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर फॉल्स सीलिंगच्या वर टांगला तर चालेल का?

कानसवाला
मंडळी, छोटं वर्कशॉप आहे, मोठी मशीनं ४८० व्होल्टवर चालतात, आता किरकोळ मशीनं आणि लाइटसाठी १२०/२०८ हवंय. ७५ केव्हीएचा ड्राय टाइप (तेल नसलेला, हवेने थंड होणारा) डोक्यात आहे, डेल्टा-स्टार (४८० च्या बाजूला डेल्टा जोडणी, १२०/२०८ च्या बाजूला न्यूट्रलवाली स्टार). अमेरिकेचा वायरिंगचा कोड म्हणजे एनईसी लागू. जमिनीवर पाय ठेवायला जागा नाही म्हणून फॉल्स सीलिंगच्या वर टांगायचा विचार आहे. बजेट म्हणजे ट्रान्सफॉर्मर, दोन ब्रेकर आणि इलेक्ट्रिशियनची मजुरी, संपलं. वेगळी खोली बांधणार नाही हे आधीच सांगतो.

दणकट
वेगळी खोली बांध. आम्ही १५० बसवला तेव्हा तासभर आगीत तग धरेल अशी खोली केली, इन्स्पेक्टर आला, बघितलं, गेला. एकदाच खर्च होतो.

तारतम्य
दणकट, वरची शेवटची ओळ वाचलीत का? शिवाय खोलीची अट ११२.५ केव्हीएच्या वर आहे, ७५ ला नाही. तुमच्या १५० लाही इन्सुलेशन क्लास १५५ (म्हणजे १५५ डिग्री सोसणारा) किंवा वरचा असता आणि हवेच्या जाळ्या सोडून बाकी पेटी पूर्ण बंद असती तर खोलीशिवाय भागलं असतं. आता सगळीकडे २२० डिग्रीचं इन्सुलेशन मिळतं.
कानसवाला, ११२.५ पर्यंत जळणाऱ्या वस्तूंपासून ३०० मिमी अंतर हवं, नाहीतर मध्ये आग आणि उष्णता अडवणारा आडोसा.

फ्यूजगेला
ते ३०० मिमी पण १००० व्होल्टच्या आतल्या बंद पेटीवाल्याला लागू नाही, अपवाद वाचा. पण कंपनी नेमप्लेटवर भिंतीपासून किती अंतर ते छापते, ते पाळायलाच लागतं. माझ्या आधीच्या माणसाने भिंतीला चिकटवून ठेवलेला, वर खोक्यांची चळत. पेटी इतकी तापायची की खोकी तपकिरी झालेली. नवीन कोडमध्ये वरचा भाग आडवा असून सहज हात पोचत असेल तर "वर सामान ठेवू नये" असं लिहावंच लागतं, ते उगाच आलेलं नाही.

दणकट
बंधनं मोजत बसण्यापेक्षा खोली बरी, एवढंच म्हणणं.

अण्णा_वायरमन
अरे त्याने सीलिंगचं विचारलंय त्यावर कोणी बोलेना. बाळा, सीलिंगच्या वरच्या पोकळीत ५० केव्हीएपर्यंतच चालतं, आणि ती पोकळी कायमची बंद केलेली नको, टाइल उचलून हात पोचला पाहिजे. ७५ तिथे जाणारच नाही. त्यापेक्षा भिंतीवर ब्रॅकेट मारून उघड्यावर लाव. १००० व्होल्टच्या आत असेल तर भिंतीवर, खांबावर शिडी लावून पोचावं लागलं तरी कोडची हरकत नाही.

कानसवाला
अण्णा धन्यवाद, हे माहीतच नव्हतं. आणि ब्रेकर?

तारतम्य
७५ चा प्रायमरी (४८० च्या बाजूचा) करंट ९० अँपिअर. फक्त प्रायमरीला ब्रेकर लावायचा तर १२५ टक्के, म्हणजे ११३, पुढचं स्टँडर्ड साइझ १२५. पण डेल्टा-स्टारमध्ये प्रायमरीचा ब्रेकर सेकंडरीच्या (१२०/२०८ च्या बाजूच्या) वायरचं रक्षण करतो असं धरता येत नाही, त्यामुळे सेकंडरीला ब्रेकर येणारच. तो १२५ टक्क्यांच्या हिशोबात असला की प्रायमरीला २५० टक्क्यांपर्यंत मुभा मिळते.

फ्यूजगेला
आणि ती मुभा घ्या. चालू करताना इनरश, म्हणजे पहिल्या क्षणाचा करंटचा झटका, दहा-बारा पट जातो, १२५ चा ब्रेकर लावून मी रोज सकाळी लिव्हर वर-खाली करत बसायचो. फक्त ब्रेकर मोठा केला तर प्रायमरीची केबलही त्या मापाची घ्या, हे लोक विसरतात.

गुणगुण
आवाजाचं कोणी बोलत नाही. ७५ पन्नास डेसिबलपर्यंत गुणगुणू शकतो, छोटे ४५ पर्यंत. आमचा तर भुंग्यासारखा ओरडायचा, आठ महिने सगळे विक्रेत्याला शिव्या देत होतो, शेवटी कळलं की वाहतुकीचे बोल्ट सैल करायचेच राहिले होते. आत कागद होता त्यावर लिहिलेलं.

दणकट
खोलीत ठेवला की आवाज येत नाही.

अण्णा_वायरमन
🙏

चुंबकचाचा
आयईसी म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे घ्या, कास्ट रेझिन (वाइंडिंग रेझिनमध्ये ओतून बंद केलेलं). ओल नाही, धूळ नाही, आयुष्यभर बघायला नको. आम्ही सगळीकडे तेच लावतो.

तारतम्य
त्यांना एनईसी लागू आहे आणि बजेट सांगितलंय. कास्ट रेझिन चांगलाच, पण लाइट आणि ड्रिल मशीनसाठी कशाला?
मुख्य गोष्ट राहिली, अर्थिंग. हा ट्रान्सफॉर्मर म्हणजे विजेचा स्वतंत्र उगम. न्यूट्रल आणि ग्राउंडचा बाँड (जोड) एकाच जागी, एकतर ट्रान्सफॉर्मरमध्ये नाहीतर पहिल्या डिस्कनेक्टमध्ये (वीज तोडायच्या स्विचमध्ये). दोन्हीकडे केला की न्यूट्रलचा करंट पाइपांतून आणि पेट्यांमधून फिरतो.

फ्यूजगेला
आणि कुठेच केला नाही तर? आमच्याकडे तेच झालेलं. मीटर लावला की दर वेळी नवा आकडा, आणि बॉडीला फेज लागला तरी ब्रेकर ढिम्म.

अण्णा_वायरमन
प्रायमरीचा डिस्कनेक्ट ट्रान्सफॉर्मरवरून दिसला पाहिजे. दिसत नसेल तर कुलूप लागणारा हवा आणि तो कुठे आहे ते ट्रान्सफॉर्मरवर लिहायचं. पण सगळ्यात आधी भिंतीवर लाव बाबा.

गुणगुण
+१ भिंत. खाली रबरी पॅड.

चुंबकचाचा
भिंतच.

कानसवाला
सगळ्यांचे आभार. काल बसून लोड मोजला, सगळं एकदम चालवलं तरी ३१ केव्हीए होतोय, ७५ मी उगाच धरला होता. म्हणून ४५ घेतोय, आणि सीलिंगच्या वरच टांगतोय. ५० च्या आत आहे, टाइल उचलता येते, एसीची परतीची हवा त्या पोकळीतून जात नाही हे बघितलं, लाकूडही ३०० मिमीपेक्षा लांब आहे. छताचे बीम वजन घेतील असं इंजिनीअरकडून लिहून घेतलं. प्रायमरी ५४ अँपिअर येतो. ब्रेकर १०० चा आणि केबल त्याच मापाची, सेकंडरीला १५०. बाँड सेकंडरीच्या डिस्कनेक्टमध्ये. भिंतीवर फळ्यांचा रॅक आहे, तो मी हलवणार नाही.

अण्णा_वायरमन
कोडमध्ये बसतंय, बोलायला जागा नाही. पण सर्व्हिसला मला बोलवू नकोस, गुडघे गेलेत.

दणकट
उद्या एक मशीन वाढलं की ४५ पुरणार नाही बघ. मी असतो तर ७५ घेतला असता आणि खोली केली असती.