बॉण्ड मोडून नोकरी सोडताना: ट्रेनिंगचा खर्च किती भरायचा, ओव्हरटाइम कसा मागायचा?

चाकण_सीएनसी:
कारखान्यात ऑपरेटर आहे. कंपनीने बाहेर ट्रेनिंगला पाठवलं, त्याचा २ वर्षांचा १,२०,००० चा बॉण्ड (मुदतीआधी सोडलं तर ही रक्कम भरायची, असा लेखी करार). त्यातले १६ महिने झालेत. पगार भत्त्यांसह २६,०००. आठवड्याचे सहा दिवस १२ तासांची शिफ्ट. ओव्हरटाइम साध्या दराने मिळायचा, पाच महिन्यांपासून तोही बंद. एचआर म्हणतो, सोडलंस तर पूर्ण बॉण्ड फुल अँड फायनलमधून (सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून) कापू. कापता येतो?

हिशोबनीस:
हे दोन वेगळे हिशोब आहेत. एचआरला ते एकत्र कालवायचे असतात, तुम्ही कालवू देऊ नका.

बॉण्ड: करार कायदा १८७२, कलम ७४. बॉण्डमधला आकडा ही कमाल मर्यादा, मिळते ती वाजवी भरपाई. म्हणून आधी ट्रेनिंग संस्थेचं बिल, प्रवास आणि राहण्याचा खर्च लेखी मागा. समजा खरा खर्च ६०,००० निघाला, तर २४ पैकी ८ महिने बाकी म्हणजे २०,०००. बोलणी इथून सुरू करा. शॉपफ्लोअरवर जुन्या ऑपरेटरने मशीन दाखवलं, ते ट्रेनिंगच्या खर्चात धरू देऊ नका.

ओव्हरटाइम: २६,००० ÷ २६ ÷ ८ = तासाला १२५. कायद्याने दुप्पट, म्हणजे २५०. जेवणाचा अर्धा तास वगळून ११.५ × ६ = ६९ तास, त्यातून ४८ वजा, उरले २१. आठवड्याला ५,२५०. आणि साध्या दराने दिलेल्या महिन्यांचे तासाला १२५ अजून येणं आहेत, हे बहुतेक जण विसरतात.

पगारपत्रक:
कापण्याबद्दल: वेतन संहितेच्या कलम १८ मध्ये कोणत्या कपाती चालतात त्याची यादी आहे, त्यात ट्रेनिंग बॉण्ड नाही. कंपनीला वसूल करायचं तर दिवाणी दावा लावावा. राजीनाम्यानंतर दोन कामकाजी दिवसांत पगार द्यायचा असतो (कलम १७). पण बॉण्ड म्हणजे नुसता कागद, असंही समजू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ३ वर्षांची अट आणि २ लाखांची भरपाई वैध ठरवली. नोटीस पिरियडचा पगार वेगळा, तो नियुक्तिपत्रात बघा.

गेटपास:
राजीनामा टाकायच्या आधी पुरावा गोळा करा. त्या संध्याकाळी लॉगिन बंद झालं की हजेरी दिसत नाही. पंचिंगचे महिनावार स्क्रीनशॉट, सगळ्या पगार स्लिपा, सुपरवायझरचे "आज थांब" वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज (तारीख दिसेल असे). ड्रॉइंग किंवा प्रोग्रॅम मात्र घेऊ नका, उलट केस तुमच्यावर होईल. तारीखवार तक्ता करून मागणी स्पीड पोस्टने पाठवा, मग कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. वेतन संहितेत अर्जाची मुदत ३ वर्षं आहे आणि पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. फुल अँड फायनलच्या कागदावर "काही येणे बाकी नाही" असं छापलेलं असतं. सही करावीच लागली तर खाली हाताने लिहा: "ओव्हरटाइमचा हक्क राखून." त्याचा फोटो काढा.

चाकण_सीएनसी:
बॉण्डसोबत कोरा सही केलेला चेक घेतलाय त्यांनी.

हिशोबनीस:
मग तो आधी सोडवा. बँकेत स्टॉप पेमेंट केलं म्हणून चेक बाउन्सचं कलम १३८ टळत नाही. आज ईमेल करा: चेक फक्त तारण म्हणून दिला होता, देणं किती ते ठरलेलं नाही, परत द्या. तरी त्यांनी भरला, बाउन्स झाला आणि नोटीस आली, तर १५ दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलंच पाहिजे.