"माझं मी करीन!" : छोटे हात आणि घरातली खरी कामं – तुमचे अनुभव सांगा

लेक साडेतीन वर्षांची आहे. तिला हौसेने खेळण्यातली भांडी आणली. दोन दिवस खेळली, तिसऱ्या दिवसापासून ती भांडी कोपऱ्यात आणि ही माझ्या पायांत, "मला खरं दे" म्हणत. शेवटी वैतागून एक छोटा जग, एक काचेचा पेला नि ट्रे तिच्यासमोर ठेवला. पाऊण तास! जगातून पेल्यात, पेल्यातून जगात, जीभ बाहेर काढून. पहिल्या दिवशी फरशीला अंघोळ झाली. मग दोन गोष्टी सुचल्या. पेल्यावर बाहेरून लाल टेप लावली, "इथपर्यंत". आणि जगात पेल्यात मावेल तेवढंच पाणी ठेवायला लागले. सांडून सांडून सांडणार किती? फडकंही तिच्याच हाताशी ठेवते. आता पुसायला मिळावं म्हणून ती मुद्दाम सांडते की काय अशी मला शंका आहे.

तुमच्याकडे काय चाललं, काय फसलं? फसलेलं आधी सांगा, तेच जास्त उपयोगी पडतं.

दोन पोरांचा बाबा

फसलेल्यापासूनच सुरू करतो. थोरला अडीच वर्षांचा असताना चमच्याने कडधान्याचे दाणे या वाटीतून त्या वाटीत घालायला दिले. मी शेजारीच होतो, हातात फोन. एक दाणा नाकात. ओलाव्याने तो आत फुगायला लागतो हे मला डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. काढायला मिनिटही लागलं नाही, पण तिथवर जाताना माझी काय अवस्था झाली ते विचारू नका.

तेव्हापासून आमच्याकडे नळीचा नियम आहे. टिश्यू पेपरचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी उरते ना, साधारण 4 सेंमी रुंदीची, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती 3 वर्षांखालच्या पोराला नाही. धाकट्याला दाण्यांऐवजी स्पंज दिला. एका वाटीत पाणी, दुसरी रिकामी. स्पंज बुडवायचा, इकडे आणून पिळायचा. मुठीची ताकद वाढते आणि नाकात जायला काही नसतं. पाण्याच्या खेळात मात्र मोठं माणूस तिथेच हवं. बादलीत चार बोटं पाणी असलं तरी लहान मूल डोकं खाली करून पडलं की त्याला स्वतःहून वर येता येत नाही. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या तर घरात हाताशी ठेवूच नका.

बालवर्गाची ताई

बाबा, बरं झालं लिहिलंत. बालवर्ग घेताना आम्हीही दाणे, मणी उशिराच बाहेर काढतो.

'मला खरं दे' वाचून हसू आलं. मारिया माँटेसरींनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं 'मुलांचं घर', म्हणजे बालशाळा, सुरू केलं, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं. महागडी खेळणी समोर असून मुलं खऱ्या कामांकडे वळत. एकदा त्यांनी मुलांना नाक शिंकरायचं कसं ते दाखवलं. रुमाल कसा धरायचा, आवाज न करता कसं शिंकरायचं, एवढंच. मुलांनी टाळ्या वाजवल्या! शेंबडावरून ती रोज बोलणी खात असणार. करायचं कसं ते मात्र कुणी दाखवलंच नव्हतं.

घरी पालक एक चूक हमखास करतात. हात चालतात तसं तोंडही चालतं. "हे बघ, असं धरायचं, अरे तसं नाही, इकडे बघ." मूल तुमच्या तोंडाकडे बघणार की हाताकडे? आधी गप्प बसून, एरवीच्या निम्म्या वेगाने करून दाखवा. बोलायचं असेल तर हात थांबवून बोला. आणि 'माँटेसरी' असं छापलेले महागडे ट्रे आणू नका हो. घरातला चालतो.

तिघांची आई

चेन. तीन पोरांच्या चेनी लावून माझी बोटं झिजली, तेव्हा कुणीतरी उलटं शिकवायला सांगितलं. म्हणजे खालचं अडकवायचं मी, अर्ध्यापर्यंत ओढायची मी, शेवटची वीतभर त्याने. आठवड्याने अर्धी त्याने. खाली अडकवणं सगळ्यात शेवटी, कारण तेच सगळ्यात अवघड. प्रत्येक वेळी काम 'त्याच्या हातून' संपतं, त्यामुळे रडारड नाही.

जॅकेटचं तर सोपं आहे. ते जमिनीवर उताणं पसरायचं, कॉलर मुलाच्या पायांकडे. त्याने वाकून दोन्ही बाह्यांत हात घालायचे आणि सगळं डोक्यावरून मागे टाकायचं. तीन वर्षांच्याला जमतं. आमच्याकडे अंगातलं काढून पुन्हा पुन्हा घालणं चालतं.

सकाळी धावणारी

हे सगळं छान आहे, पण मला 8 ला घर सोडायचं असतं. सकाळी मुलाला सगळं स्वतः घालू देणं मला तरी परवडत नाही. मी हात टेकले आणि वाटणी केली: सकाळी फक्त बूट, बाकी मी, संध्याकाळी सगळं त्याचं. बूट उलटसुलट जायचे म्हणून एका स्टिकरचे मधोमध दोन तुकडे केले आणि एकेक बुटात आतल्या कडेला चिकटवला. बूट शेजारी ठेवले की हत्ती पूर्ण होतो. हत्तीचं डोकं बाहेरच्या बाजूला दिसलं की तो स्वतःच "चुकलं" म्हणतो.

एक आजी

मोज्यांच्या जोड्या. धुतलेल्या कपड्यांचा ढीग नि नात. अर्धा तास निवांत.

डावखुरीची आई

मी मुलीला वर्षभर 'धांदरट' समजत होते. कागदाच्या पट्ट्या कापताना कागद कात्रीत दुमडायचा, फाटायचा, ती कात्री फेकायची. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून लांब जातात, शिवाय वरच्या पात्याआड कापायची रेघ दिसत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. डावखुऱ्यांची कात्री आणली त्या दिवशी तिने अख्खा वर्तमानपत्राचा गठ्ठा बारीक केला. मी बसून बघत होते नि मला रडू येत होतं.

अजून एक कबुली. ती रुमालांच्या घड्या घालायची, वेड्यावाकड्या. ती झोपली की मी त्या मोडून नीट घालून ठेवायचे. एके रात्री पाणी प्यायला उठली, दारात उभी राहून बघितलं, काही न बोलता परत गेली. पुढचे पंधरा दिवस रुमालाला हात लावला नाही. आता कपाटाचा एक खण तिच्या घड्यांचा आहे. मी तो उघडला की आधी डोळे मिटते.

धागाकर्ती

डावखुरीची आई, लेकीच्या घड्यांसाठी एक खण आजच रिकामा करते. बाबा, नळीचा नियम फ्रिजवर लावला. पेल्यावरची टेप दोन धुण्यांत निघते, त्याला कुणाकडे काही उपाय आहे का? नेलपॉलिशची रेघ ओढून बघितली, ती टरफलासारखी निघाली.