बाकी उरली की एक वाढवायचा का?

डिचोलीची आई
मुलगा चौथीत आहे. गणित होतं: सहलीला 130 मुलं, एका बसमध्ये 40 बसतात, तर बस किती लागतील? त्यानं लिहिलं, ‘3, बाकी 10’. भागाकार बिनचूक, तरी फुली. मी म्हटलं, अरे, त्या दहा जणांना मागे ठेवणार का? म्हणून 4. झालं, त्यानं पक्कं केलं की बाकी उरली की एक वाढवायचा. दुसऱ्या दिवशी 50 रुपयांत 8 रुपयांच्या पेन्सिली किती, तर उत्तर 7! आता रडकुंडीला येऊन म्हणतो, ‘आई, एकच नियम सांग.’ काय सांगू?

फोंड्याचा दादा
माणसं असली तर वाढवायचा, पैसे असले तर सोडायचा. आम्ही असंच शिकलो.

सावईवेरेची बाई (निवृत्त शिक्षिका)
दादा, तोही फसतो. 130 मुलांचे 40-40चे पूर्ण गट किती, असं विचारलं तर? माणसंच आहेत, पण उत्तर 3.

ताई, नियम देऊच नका. मी कुळागरातले (नारळ-पोफळीच्या बागेतले) 30 सोललेले नारळ वर्गात जमिनीवर मांडायची. भाजक 4. विकायला चार-चारच्या पिशव्या किती भरतील? 7. सगळे घरी न्यायचे तर पिशव्या किती? 8. नेवऱ्यांना (करंज्यांना) किती उरले? 2. आणि चौघा भावांत सारखे वाटले तर? उरलेले दोन्ही फोडायचे, चार कवडी (अर्धी भकलं) होतात, प्रत्येकाला साडेसात. डोळ्यांची कवड कोणाला, यावरून पोरं भांडायची, पण ते साडेसात कधी विसरली नाहीत.

भागाकार झाला की एवढंच विचारा: ‘उरलेल्यांचं काय करायचंय?’ आणि उत्तर पूर्ण वाक्यात लिहून घ्या.

मडगावकर
अमेरिकेतल्या राष्ट्रीय चाचणीत 13 वर्षांच्या मुलांना असंच गणित घातलं होतं: 1128 सैनिक, एका बसमध्ये 36. सुमारे 29 टक्के मुलांनी ‘31, बाकी 12’ लिहिलं, 32 लिहिणारी 23 टक्केच. निकाल 1983 साली छापून आले. तुमच्या मुलाला हे जरूर सांगा.

डिचोलीची आई
बाई, घरात 22च नारळ होते. 5, 6, 2 आणि साडेपाच, चारही त्यानंच सांगितली. मग आपणहून बसचं गणित काढलं आणि विचारलं, ‘चौथ्या बसमध्ये दहाच जण का? 33, 33, 32, 32 बसवले तर?’ उद्या हेच वहीत लिहून नेणार आहे.