फॅनफिकखाली स्वतःचं आयुष्य लिहायचं नाही म्हणे!

शाईचा_डाग: काल फॅनफिक, म्हणजे आवडत्या मालिका-पुस्तकांतल्या पात्रांवर चाहत्यांनी रचलेल्या कथा, लिहिणाऱ्या एका लेखिकेची पोस्ट वाचली. 'माझ्या फिकखाली तुमचं आजारपण, तुमचे घटस्फोट लिहू नका. कथेवर बोला.' खाली सगळे 'अगदी बरोबर' म्हणून माना डोलावतायत. संताप आला, म्हणून हा धागा.

हर्ट-कम्फर्ट, म्हणजे पात्र आधी दुखावतं आणि मग कोणीतरी त्याला सावरतं अशा कथा, आपण वाचतो कशासाठी? मूळ मालिकेने एक पात्र मारलं आणि पुढच्या भागात सगळे हसायला लागले. फिकमध्ये त्याच्यासाठी निदान कोणीतरी रडतंय, म्हणूनच ना? अशा कथेखाली 'भाऊ गेल्यावर मीही त्याच्या नंबरवर मेसेज पाठवत राहिले होते' असं कोणी लिहिलं, तर तो कथेवरचाच अभिप्राय आहे. कुठला प्रसंग काळजाला भिडला ते लेखिकेला त्यातूनच कळतं. नुसतं कौतुक पोचवायला लाइकसारखं कुडोजचं बटण आहे. एओथ्री या फॅनफिकच्या साइटवर एका कमेंटला 10,000 अक्षरं मिळतात, ती काय 'मस्त, पुढचा भाग कधी?' एवढ्यासाठी?

अर्धा_मसुदा: मी लिहिते, म्हणून सांगते. कमेंट आली की मला ईमेल येतो. एकदा कामावर असताना उघडला, तर कोणीतरी आपल्या आत्महत्येच्या प्रयत्नाबद्दल बारीकसारीक तपशिलांसह लिहिलेलं. पाहुणा म्हणून, खात्याशिवाय आलेली कमेंट, थेट संपर्काचा मार्ग नाही. ती व्यक्ती सुखरूप आहे का, मला आजही माहीत नाही. माझ्या कथेला मी टॅग लावते, इशारे लावते. आत यायचं की नाही हे वाचणारा ठरवतो. मला ती सोय कोण देतं?

शाईचा_डाग: पाहुण्यांच्या कमेंट बंद करता येतात. मॉडरेशन चालू करता येतं, म्हणजे तू मंजूर केल्याशिवाय कमेंट दिसत नाही.

अर्धा_मसुदा: आणि मंजूर करायच्या आधी ती कमेंट वाचतं कोण? मीच ना?

रात्रपाळी: माझा राग वेगळाच आहे. मी आयसीयूत नर्स आहे. एका फिकमध्ये मॉनिटरवर सरळ रेघ येते आणि डॉक्टर शॉक देतात. मी नीट, सभ्य शब्दांत लिहिलं की असिस्टोलीला, म्हणजे त्या सरळ रेघेला, शॉक देत नाहीत, छाती दाबतात, अ‍ॅड्रेनालिन देतात. कमेंट उडवली! हा माझा अनुभव नाही का?

अर्धा_मसुदा: तो अनुभव नाही, ती चूक काढणं झालं. तेही न विचारता.

जुनी_वही: फॅनफिक्शन डॉट नेटवर कमेंटला रिव्ह्यूच म्हणायचे. 1998 पासूनची साइट आहे ती. चुका दाखवल्या की लोक आभार मानायचे. आता जरा काही बोललं की 'आम्ही फुकट लिहितो'. फुकट आहे म्हणून कसंही लिहायचं?

अर्धा_मसुदा: सगळेच आभार मानायचे? तिथल्या रिव्ह्यूंमधल्या शिव्यांनी लिहिणं सोडलेले लोक मला माहीत आहेत. तुम्ही स्वतः कधी एक प्रकरण तरी लिहून टाकलंय?

जुनी_वही: वाचकाला बोलायला आधी लेखक व्हावं लागतं का? हा माज आहे.

रात्रपाळी: मी त्या प्रसंगात रोज उभी असते. खोटं वाचलं की त्रास होतो. तोही 'हर्ट'च आहे.

कोपऱ्यातली: शॉकवर किती भांडणार? मूळ मुद्द्यावर मला बोलायचंय. माझ्या मैत्रिणीने एका फिकखाली माझ्या गर्भपाताबद्दल लिहिलं. नाव नव्हतं, पण बाकी सगळं होतं. मी तीच कथा वाचत होते. लेखिकेने तिला प्रेमाने उत्तर दिलं होतं, आणि उत्तर आलं की कमेंट बदलता येत नाही. 'काढून टाक' म्हणून मला तिच्या विनवण्या कराव्या लागल्या. शाई, तुझ्या उदाहरणातला भाऊ निदान स्वतःचा आहे. लोक दुसऱ्यांचंही सांगतात.

शाईचा_डाग: हे मात्र वाईट झालं. दुसऱ्याचं सांगू नये, मान्य. पण त्यासाठी स्वतःचं सांगणाऱ्यांची तोंडं का बंद करायची? मला कोणी 'ही कथा वाचून आईशी पहिल्यांदा बोलले' असं लिहिलं, तर मी पुढची दहा प्रकरणं लिहीन.

अर्धा_मसुदा: तशी कमेंट मलाही हवीच असते, खोटं कशाला बोलू? आधी कथेतलं काय लागलं ते लिहा, मग दोन ओळी स्वतःच्या, आणि उत्तराची अपेक्षा नसेल तर तसं स्पष्ट सांगा. एवढं चालेल. पण जिवाशी आलेलं असेल तर ते अनोळखी लेखकाच्या गळ्यात टाकू नका, जवळच्या माणसाला सांगा. पाहुण्यांच्या कमेंट मी बंदच ठेवणार आहे.

शाईचा_डाग: ठेव. तुझं पान आहे. 'कथेवर बोला' हा नियम मात्र मला अजूनही मान्य नाही.