व्होडकाला चव असते का? असेल तर ओळखायची कशी?

गुलबक्षी

सरळच विचारते. व्होडकाला खरंच चव असते, की सगळे मिळून एकमेकांना बनवतायत?

झालंय असं, की माझी एक जुनी मैत्रीण पन्नाशीची होतेय. ती फक्त व्होडका पिते, तीही नुसती, काही न मिसळता. वर घोट घेऊन "ही जरा गोडसर आहे", "हिला मागून मिरी लागते" असंही बोलते. मी व्हिस्कीवाली. मला व्होडकात दोनच गोष्टी कळतात: नाकात इंजेक्शनच्या आधी लावतात त्या कापसाचा वास आणि घशात जाळ. आता तिला भेट म्हणून बाटली द्यायची आहे आणि डोळे झाकून काहीतरी उचलून द्यायचं जिवावर येतंय.

म्हणून गेल्या आठवड्यात दोन बाटल्या आणल्या. रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या, आधी एक चाखली, थोड्या वेळाने दुसरी. फरक शून्य. लेबलांत मात्र फरक भरपूर. एक म्हणते पाच वेळा डिस्टिल केलेली, दुसरी म्हणते लाव्हाच्या खडकातून गाळलेली. मी भूगोलाच्या परीक्षेला बसले नव्हते हो.

ब्रँडांची यादी नको, चाखायचं कसं ते सांगा. (यादी दिलीत तरी रागावणार नाही.)

शंकासुर

चव असते. जाहिरातीची.

अमेरिकेच्या नियमांत २०२० पर्यंत व्होडकाची व्याख्याच अशी होती की तिला स्वतःचा वेगळा गुण, वास, चव किंवा रंग नसावा. सरकारनेच हात वर केले होते. आणि २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या परीक्षकांनी लेबलं झाकून २१ व्होडका चाखल्या, त्यात पहिली कोण आली? स्मिरनॉफ. महागड्या बाटल्यांच्या रांगेत तिला तुलनेपुरतं उभं केलं होतं. विषय संपला.

अर्कशाळा

शंकासुरा, तुझ्याच दाखल्यावरून उलटं सिद्ध होतं. लेबलं झाकूनही परीक्षकांना डावं-उजवं करता आलं, म्हणजे जिभेला फरक लागला. तो किमतीशी जुळला नाही, एवढंच. आणि ती व्याख्येतली ओळ २०२० मध्ये काढून टाकली, हेही लक्षात घे.

गुलबक्षीताई, मी नोकरीची अकरा वर्षं स्पिरिटचे नमुने हुंगण्यात घालवली आहेत, त्यामुळे प्रतिसाद लांबणार.

पहिली चूक फ्रीझर. गारठ्यात वास वर उठत नाही, जीभ बधिर होते, शिवाय व्होडका दाटसर होते, त्यामुळे सगळ्याच मऊ लागतात. वाईट व्होडका लपवायला फ्रीझरइतकी चांगली जागा नाही. (जाता जाता: ४० टक्क्यांची व्होडका घरच्या फ्रीझरमध्ये गोठत नाही, तिला उणे २७ अंशांच्या आसपास जावं लागतं. तुमच्या बाटलीत बर्फ दिसला तर टक्केवारी पुन्हा वाचा.)

दुसरी चूक म्हणजे आधी एक, मग दुसरी. व्होडकातले फरक इतके बारीक असतात की थोड्या वेळात आठवणीतून पुसले जातात. ग्लास शेजारी-शेजारीच हवेत.

तोंडाशी निमुळते, एकसारखे ग्लास घ्या. प्रत्येकात १५ मिली व्होडका आणि तेवढंच बिनवासाचं साधं पाणी. फ्रिज नाही, बर्फ नाही. ४० ची २० टक्क्यांवर आली की जाळ ओसरतो. हा जाळ म्हणजे चव नव्हेच. मिरचीने तोंडातली जी यंत्रणा चेतते तीच अल्कोहोलनेही चेतते, आणि मग अंगाची साधी ऊबसुद्धा चटका वाटायला लागते. कानाशी भोंगा वाजत असताना शेजारची कुजबुज काय ऐकू येणार?

वास घेताना नाक ग्लासात खुपसू नका. ग्लास हनुवटीपाशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि ग्लास सावकाश वर आणा. पहिला वास सोडून द्या, तो नुसत्या अल्कोहोलचा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काय येतं ते बघा.

आता काय बघायचं? आम्ही चांगलं शोधत नसू, वाईट शोधत असू. नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आला तर इथाइल अॅसिटेट. हिरव्या, कच्च्या सफरचंदासारखा टोचरा आला तर अॅसिटाल्डिहाइड. हे दोघं डिस्टिलेशनमध्ये आधी निघणारे, त्यांना 'हेड' म्हणतात, ते नीट कापले नाहीत की पुढे झिरपतात. जड, तेलकट, कपाळात चढणारा वास असेल तर तो शेवटाकडचा, फ्युजेल ऑइलचा. चांगल्या व्होडकात यातलं काही नसतं. स्वच्छ, किंचित गोडसर वास, बास.

आणि ग्लास आधी नुसता, रिकामा हुंगा. हे मी पोळून शिकलोय. एकदा मी एक अख्खी टाकी नापास केली. वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: 'साबणाचा वास.' दोन तास सगळा विभाग पळापळ करत होता, नळ्या उघडून झाल्या, पाणी तपासून झालं. टाकी निर्दोष होती. ग्लास पुसायचं फडकं त्या दिवशी नवीन निघालं होतं. पुढे निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला तेच फडकं घडी घालून भेट दिलं.

मग घोट. छोटा, जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि थुंकायचा. हो, थुंकायचा, शेजारी भांडं ठेवा. इथे चवीपेक्षा पोत जास्त बोलतो. पाण्यासारखी सरसर जाते, की जिभेवर साय धरल्यासारखी रेंगाळते? संपल्यावर कडवट ओढ राहते का?

कशापासून केली यानेही फरक पडतो, पण थोडाच. राय धान्याची (उदा. बेल्व्हेडिअर) कोरडी, मागून मिरीसारखी. तुमच्या मैत्रिणीला लागते ती मिरी बहुतेक हीच. गव्हाची (अॅब्सोल्युट) मऊ, कधी बडीशेपेची पुसट आठवण. बटाट्याची (शोपाँ, लुक्सुसोवा) भरीव, सायीसारखी. फिनलँडिया बार्लीची. सिरॉक तर द्राक्षांची, आणि युरोपात धान्य किंवा बटाटा सोडून दुसऱ्या कशापासून व्होडका केली तर लेबलवर तसं छापावंच लागतं. पण मूळ स्पिरिट ९५-९६ टक्क्यांपर्यंत नेलेलं असतं, तिथवर धान्याचं फारसं काही उरत नाही. म्हणून म्हटलं, कुजबुज.

गोडवा मात्र संशयानेच घ्या. अमेरिकेच्या नियमांत लिटरमागे २ ग्रॅमपर्यंत साखर चालते.

'पाच वेळा डिस्टिल'चं मनावर घेऊ नका. एनियस कॉफीने १८३० मध्ये सलग चालणाऱ्या कॉलमचं (डिस्टिलेशनच्या उंच नळकांड्याचं) पेटंट घेतलं, तेव्हापासून हा आकडा पोकळच झालाय. कॉलममध्ये एकावर एक अनेक प्लेटा असतात आणि प्रत्येक प्लेटीवर थोडं थोडं डिस्टिलेशन होतच असतं. मग पाच म्हणजे कशाचे पाच, ते बाटली सांगत नाही. गाळणं हे खरं काम आहे, पण ते कोळशाचं. कोळसा अशुद्धी शोषतो हे लोविट्झ या रसायनशास्त्रज्ञाने रशियात १७८५ मध्ये दाखवलं. खडक, चांदी, हिरे वगैरे लेबलाची शोभा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. फरक कळतो असं वाटणं वेगळं आणि कळणं वेगळं. तीन ग्लास घ्या. दोनांत एकच व्होडका, तिसऱ्यात दुसरी. ते कोणीतरी दुसऱ्याने भरायचे आणि कशात काय ते कागदावर टिपून ठेवायचं. तुम्ही फक्त वेगळा ग्लास कुठला तेवढं सांगायचं. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा बरोबर येतंच, त्यामुळे पाच-सहा फेऱ्या करा.

काउंटरपलीकडून

अर्कशाळाकाकांना नमस्कार. फडक्याचा किस्सा उद्या कामावर सगळ्यांना सांगणार.

पण फ्रीझरच्या बाबतीत थोडा विरोध. पारख खोलीच्या तापमानावर करा, शंभर टक्के मान्य. मात्र मैत्रीण थंडगार पीत असेल तर शेवटच्या दोन बाटल्या तशाही चाखा. भेट शेवटी तिच्या फ्रीझरमध्ये जाणार आहे. गार झाल्यावर वास मिटतो, उरतो पोत, आणि तिथे बटाट्याची बाजी मारते असा माझा अनुभव. टॉनिक किंवा ज्यूसमध्ये मिसळणारी असती तर म्हटलं असतं, स्वच्छ निघेल ती साधीच घ्या, दोष नसला की झालं. नुसती पिणारीला जरा अंगापिंडाची द्या.

शंकासुर

बरं, हरलो. मग एवढं नाक तयार झालं की कुणी सुटी, बिनलेबलची आणून दिली तर ती चांगली की वाईट हेही कळेल ना?

अर्कशाळा

नाही. हे गमतीत घेऊ नकोस. मिथेनॉल वासाने किंवा चवीने ओळखता येत नाही, माझ्यासारख्या अकरा वर्षं हुंगलेल्यालाही नाही. थोड्या मात्रेतही त्याने डोळे जातात, जीवही जातो. ते प्रयोगशाळेतल्या यंत्राचं काम. सील तुटलेली किंवा सुटी बाटली असेल तर चाखायचीसुद्धा नाही.

गुलबक्षी

अहवाल सादर करते.

राय आणि बटाटा अशा दोन नव्या बाटल्या. नवऱ्याने स्वयंपाकघरात पाठ करून ग्लास भरले आणि ग्लासांच्या बुडाला खडूने खुणा केल्या. ग्लास आधी रिकामे हुंगले, एकाला खरंच भांड्यांच्या कपाटाचा वास होता, परत धुतला. मग पाणी घालून पहिली फेरी. दहा मिनिटं काही कळेना. दुसऱ्यांदा ग्लास वर आणताना एकदम काहीतरी सुटं झालं: दोन ग्लास कोरडे, टोकदार, आणि तिसऱ्यात काहीतरी गोलसर, दुधाळ म्हणावं असं. मी बोट ठेवलं. बरोबर!

सहा फेऱ्या ठरल्या होत्या. सहावी बाद करावी लागली, कारण नवऱ्याने ओल्या हाताने ग्लास उचलले आणि खडू पुसला गेला. पाचपैकी चार बरोबर. मग काउंटरपलीकडून यांच्या सांगण्यावरून दोन्ही बाटल्या फ्रीझरमधून काढून, पाणी न घालता तीन फेऱ्या: एक बरोबर. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी चाललं असतं.

आधीच्या दोन बाटल्याही शेजारी-शेजारी लावून बघितल्या. लाव्हावाली स्वच्छ निघाली. पाच वेळा डिस्टिलवाली उघडली आणि पहिल्याच वासाला मला नखं रंगवून झाल्यावरची संध्याकाळ आठवली. गार असताना ही निमूटपणे प्यायले होते मी!

रायची बाटली बांधून ठेवली आहे. मिरी सापडली मला. शोधावी लागली, पण सापडली.

अर्कशाळा

पाचपैकी चार म्हणजे पहिल्या प्रयत्नाला उत्तम. चुकलेली फेरी कितवी होती?

गुलबक्षी

पाचवी.

अर्कशाळा

वाटलंच. जीभ थकते. एका बैठकीत तीन फेऱ्या, मग अर्धा तास थांबायचं, मध्ये साधं पाणी. आणि थुंकत असाल तरच तीन.

गुलबक्षी

भांड्याचं तेवढं राहिलं काका. शेजारी ठेवलं होतं, पण शेवटी पाहिलं तर कोरडं ठणठणीत होतं.