देशांचा तक्ता बघून टीम चालते का?

उंटावरचा_शहाणा: काल इथे एका साहेबांनी सल्ला दिला की टीममध्ये निरनिराळ्या देशांची माणसं असतील तर हॉफस्टेड या डच संशोधकाचा देशोदेशींच्या संस्कृतीच्या आकड्यांचा तक्ता समोर ठेवा, वरिष्ठांपुढे कोण गप्प बसणार ते आधीच कळतं. डोकंच फिरलं. अहो, ते आकडे १९६७ ते १९७३ मध्ये आयबीएमच्या नोकरदारांनी भरलेल्या प्रश्नावल्यांतले. देशांच्या सरासऱ्या आहेत त्या. एकेका माणसाला लावू नका, हे खुद्द हॉफस्टेडच सांगायचे. माझ्याकडे पाच देशांची नऊ माणसं आहेत. त्यातली 'गप्प बसणाऱ्या' देशातली बाई मला भर मीटिंगमध्ये झापते, आणि 'तोंडावर बोलणाऱ्या' देशातल्या पठ्ठ्याने आपली चूक आठवडाभर दडवली.

तिरपागडे: नऊ माणसांवरून सिद्धान्त! १९९० चं कोलंबियाचं विमान, आव्हियांका ५२, आठवतंय? इंधन संपत आलंय असं सहवैमानिक जमिनीवरच्या कंट्रोलरला सांगत राहिला, पण 'इमर्जन्सी' शब्द काही तोंडातून निघाला नाही. न्यूयॉर्कजवळ विमान पडलं, ७३ माणसं गेली. अधिकाऱ्यापुढे दबून बोलायची सवय, दुसरं काय?

उंटावरचा_शहाणा: अर्धीच गोष्ट सांगताय. इमर्जन्सी आहे असं सांग, हे कॅप्टनने त्याला बजावलं होतं. म्हणजे कॉकपिटमधल्या साहेबाचाच हुकूम होता! इंधन किती कमी झालं की कोणता शब्द वापरायचा, हेच वैमानिक आणि कंट्रोलर यांच्यात नीट ठरलेलं नव्हतं, असं चौकशीतही नोंदवलंय. आमच्याकडे 'अर्जंट' म्हणजे कुणाला आज वाटायचं, कुणाला याच आठवड्यात. शेवटी तासांत लिहायचं ठरवलं, भांडणं निम्मी झाली.

रात्रपाळी: विमानं राहू द्या हो. रात्री अकराची मीटिंग दर वेळी कुणाच्या बोकांडी बसते ते बोला. चार वर्षं मी अंधारात, आवाज दाबून बोलतोय, कारण शेजारी पोरगी झोपलेली असते. वार्षिक शेरा काय मिळाला? 'सांस्कृतिक कारणांमुळे पुढाकार कमी.' संस्कृती कसली, झोप आलेली असते!

तिरपागडे: हे रडगाणं प्रत्येक धाग्यावर. वेळ आळीपाळीने बदलून घ्या की.

रात्रपाळी: घेतली. पहिल्याच पहाटे मुख्यालयवाल्यांपैकी निम्म्यांनी दांडी मारली. दुसऱ्या महिन्यात 'सर्वांच्या सोयीसाठी' पुन्हा अकरा. आणि रडगाणं म्हणायचं असेल तर एक महिना करून दाखवा, मग बोला.

चहाटळ: +१. आमच्याकडे वर कॅमेराही चालू ठेवा म्हणतात. रात्री अकराला!

उंटावरचा_शहाणा: धागा कुठल्या कुठे गेला, पण शेऱ्याची गोष्ट भारी आहे. गैरसोय आपण करायची आणि खापर देशावर फोडायचं.

तिरपागडे: बरं बाबा, कॅप्टनचं मला माहीत नव्हतं. खूश? पण नवखा मॅनेजर तक्ता न बघता गेला तर पहिल्याच दिवशी कुणाला तरी चारचौघांत टोचून बोलून येईल. निदान तेवढ्यापुरता तरी तक्ता हवा.

उंटावरचा_शहाणा: चारचौघांत टोचलेलं कोणत्या देशात चालतं, तो आकडा द्या.

रात्रपाळी: चला, अकरा वाजले. जातो पुढाकार घ्यायला.