मदत हवी आहे: नोकरी सांभाळून सायकोडायनॅमिक समुपदेशनाचं शिक्षण
नमस्कार मंडळी. नोकरी न सोडता सायकोडायनॅमिक समुपदेशनाचा (म्हणजे नकळत मनात दडलेल्या भावना आणि जुने अनुभव उलगडत चालणारं समुपदेशन) अर्धवेळ कोर्स करायचा विचार चाललाय. फ्रॉइड, विनिकॉट, बोल्बी या मनोविश्लेषकांची पुस्तकं रात्री जागून वाचता येतील, त्याची धास्ती नाही. खरी ओढाताण वर्गाबाहेरची दिसते: स्वतःची थेरपी, प्रत्यक्ष क्लायंट आणि त्यावर नियमित सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी समुपदेशकाबरोबर त्या कामाची चर्चा. सत्र साधारण 50 मिनिटांचं, पण त्यात सहसा टिपणं घ्यायची नाहीत. नंतर बसून क्लायंट काय बोलला, कुठे गप्प झाला, तेव्हा आपल्या मनात काय आलं, हे सगळं आठवून लिहायचं. म्हणजे तासाचे सहज दोन तास! शिवाय क्लायंटची वेळ दर आठवड्याला तीच ठेवायची, आणि आमच्याकडे मीटिंग कधी उपटेल याचा नेम नाही.

नोकरी करत ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा, वेळा कशा बसवल्या? साहेबांच्या कानावर आधीच घातलंत का? स्वतःची थेरपी कोर्सच्या आधीच सुरू करावी का? तिथे आपलंच काहीतरी उकरलं गेलं की दुसऱ्या दिवशी कामात डोकं चालतं का, हेही मोकळेपणाने लिहा. आणि हो, सुपरव्हिजनचे पैसे तुम्हाला फीमध्येच धरून होते की वेगळे भरावे लागले?